नरक्या : वनस्पती-अर्क ते कर्करोगावरील औषध

अमुक वनस्पतीच्या अर्काने जीवाणू मेले किंवा कर्कपेशींची वाढ थांबली, अशी वृत्ते वारंवार प्रसिद्ध होतात. ती वाचून शेतकरी लागवडीची चौकशी करतात, तर काही रुग्ण घरीच काढा घेऊ लागतात. अर्क आणि औषध यांतील अंतर सह्याद्रीतील नरक्या (नोथापोडायटिस निम्मोनियाना) या वृक्षाच्या उदाहरणावरून समजून घेता येते.

तीस वर्षांची वाटचाल

मूळचे नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी आणि त्यांचे सहकारी मन्रो वॉल यांनी १९६६ मध्ये अमेरिकेत एका चिनी वृक्षापासून कॅम्प्टोथेसिन हे अल्कलॉइड वेगळे केले. १९७२ मध्ये तेच द्रव्य नरक्यातही आढळले. मात्र १९७०च्या दशकातील रुग्णांवरील चाचण्या तीव्र दुष्परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. पेशीविभाजनाच्या वेळी डीएनएचा धागा कापून पुन्हा जोडणाऱ्या टोपोआयसोमरेज-१ या विकराला हे द्रव्य जखडून ठेवते, हे १९८५ मध्ये उलगडले. त्यामुळे कर्कपेशी मरतात; पण वेगाने विभागणाऱ्या अस्थिमज्जेतील व आतड्यातील निरोगी पेशींनाही इजा होते. रेणूत आवश्यक बदल करून तयार केलेल्या टोपोटेकॅन व इरिनोटेकॅन या औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली.

जीवाणूरोधक अर्कांनाही हेच लागू पडते. पेट्री-डिशमधील जीवाणू फिनाइलनेही मरतात. अर्काची किती मात्रा रुग्णाला अपाय न करता जीवाणू रोखते, हा खरा प्रश्न असतो.

बंगळूरु येथील संशोधन

नरक्याच्या मुळांत व खोडात कॅम्प्टोथेसिन असल्याने त्यासाठी संपूर्ण झाडच तोडले जाते. या तोडीमुळे जंगलातील वृक्षांची संख्या घटली. बंगळूरुच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी पश्चिम घाटातील निरनिराळ्या ठिकाणच्या झाडांची तपासणी केली असता कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण स्थानानुसार व झाडानुसार बदलते, असे आढळले. झाडाच्या ऊतींत वास करणाऱ्या काही बुरश्याही हे द्रव्य निर्माण करतात. परंतु प्रयोगशाळेत वारंवार उपसंवर्धन केल्यास त्यांची ही क्षमता क्षीण होते. म्हणून वृक्षाला पर्याय अद्याप उभा राहिलेला नाही. कनारेला युनिकलर हा पर्णभक्षक भुंगेरा नरक्याची विषारी पाने खाऊनही जगतो. एका जिवाला पचणारे द्रव्य दुसऱ्याला घातक ठरू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

- अर्काविषयीचा दावा ऐकल्यावर प्रयोग पेट्री-डिशमध्ये, प्राण्यांवर की रुग्णांवर झाला, हे प्रथम विचारावे. निरोगी पेशींवरील परिणाम तपासला होता का, हेही पाहावे.
- नरक्याचा काढा कोणत्याही रुग्णास देऊ नये. कर्करोगाचे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावेत.
- जंगलातील झाडे तोडू नयेत आणि अशा मालाच्या व्यवहारात सहभागी होऊ नये.
- लागवडीपूर्वी मातृवृक्षातील कॅम्प्टोथेसिनचे प्रमाण प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. रोपांचा स्रोत, तोडणी व वाहतुकीचे नियम आणि खरेदीदाराशी लेखी करार यांची खातरजमा झाल्याशिवाय क्षेत्र गुंतवू नये.

वृक्ष वाढण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे घाईने केलेली निवड दीर्घकाळ नुकसानकारक ठरते. बांधावर किंवा पडीक कोपऱ्यात मोजकी, तपासलेली रोपे लावून प्रारंभ करणे हितावह होय.