गाडी अडली, तर काय पाहावे?

समुद्रपूर तालुक्यात आता गावोगावी जीप, टेम्पो, मोटार दिसते. ही गाडी हिंगणघाटच्या बाजारात कापूस नेते. गिरडच्या यात्रेला माणसे नेते. रात्री-अपरात्री आजारी माणसाला सेवाग्रामच्या दवाखान्यात पोचवते. अशा वेळी गाडी अडली, तर माणसाच्या जिवाशी गाठ पडते.

पौषातल्या थंडीत, पहाटे, नेमकी हीच गाडी हटून बसते. चावी फिरवली की घर्र... घर्र... करते आणि गप्प होते. मालक कपाळाला हात लावतो. म्हणतो, "इंजन गेलं वाटते बा! आता झाला खर्च!"

पण थांबा. पुष्कळदा इंजिनात काहीच बिघडलेले नसते. आधी नीट पाहा. मग पाना हातात घ्या.

गाडी चालू कशी होते?

इंजिन आपले आपण चालू होत नाही. त्याला आधी फिरवावे लागते. पूर्वी पुढून लोखंडी हँडल घालून ते फिरवीत. हँडल उलटले, तर हात मोडत असे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत विजेवर चालणारा स्टार्टर आला. त्यालाच आपण 'सेल्फ' म्हणतो.

सेल्फला वीज देते बॅटरी. मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची असते. तिच्यात ६ घरे असतात. प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या आणि तेजाबाचे पाणी असते. थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो. इंजिनातले तेलही घट्ट होते. म्हणजे ताकद जास्त लागते आणि मिळते कमी. म्हणून उन्हाळ्यात झाकलेला दोष हिवाळ्यात उघडा पडतो.

कान द्या, डोळे उघडे ठेवा

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा. हँडब्रेक ओढा. पुढचे दिवे लावा आणि चावी फिरवा.

१. दिवे एकदम मंद झाले. इंजिन हळू फिरले, किंवा नुसते टक-टक वाजले. तर बॅटरी उतरली आहे, नाही तर तिच्या तारा सैल आहेत.

२. दिवे लख्ख आहेत, पण इंजिन हलत नाही. तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या तारेत आहे. हे मिस्त्रीचे काम.

३. इंजिन जोरात फिरते, पण पेटत नाही. तर बॅटरी ठीक आहे. टाकीत तेल आहे का पाहा. डिझेल गाडीत फिल्टर तुंबतो, नळीत हवा धरते किंवा हीटर प्लग जातो. पेट्रोल गाडीत प्लगची ठिणगी पडत नाही.

एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मग मिनिटभर थांबा. सारखा सेल्फ मारला, तर तो तापून जळतो.

खर्च न करता होणारे काम

बॅटरीवर दोन खुंट असतात. एकावर + अशी खूण असते, दुसऱ्यावर − अशी. खुंटावर पांढरी-हिरवी भुकटी दिसली, तर वीज नीट जात नाही.

गाडी बंद करा. चावी काढा. आधी − ची तार सोडा, मग + ची. असे का? − ची तार लागलेली असताना + वरचा पाना गाडीच्या पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. भुकटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा. हे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. तारेच्या ब्रशने खुंट घासा. कोरडे करा. जोडताना आधी + आणि शेवटी − जोडा. पेच घट्ट आवळा. वरून थोडे व्हॅसलीन लावा.

ध्यानात ठेवा. बॅटरीतून पेटणारा वायू निघतो. जवळ बिडी ओढू नका. अंधार आहे म्हणून काडी पेटवू नका. तेजाब डोळ्यांत उडाले, तर लगेच पुष्कळ पाण्याने धूत राहा आणि दवाखाना गाठा.

एका ड्रायव्हरने विचारले, "मिस्त्रीभाऊ, बॅटरीत विहिरीचं पाणी टाकलं तर चालते का?"

"नाही जी. विहिरीच्या पाण्यात क्षार असते. ते पट्ट्या खाते. दुकानातलं डिस्टिल्ड वॉटरच टाका. अन् बॅटरी सीलबंद असली, तर टोपण उचकटू नका."

तरी गाडी पुन्हा अडली तर?

बॅटरी चार्ज करून घ्या. दुसऱ्याच दिवशी ती पुन्हा उतरली, तर लगेच नवी घेऊ नका. चालू गाडीत बॅटरी भरण्याचे काम अल्टरनेटर करतो. पट्टा सैल असला, तर बॅटरी भरत नाही. मिस्त्रीला मीटर लावायला सांगा. भरलेली बॅटरी, गाडी बंद असताना, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाल्यावर काटा बहुधा १३.५ ते १४.५ पर्यंत चढतो. तो चढलाच नाही, तर दोष बॅटरीचा नाही, भरणाऱ्याचा आहे. असे असता नवी बॅटरी घेतली, तर तीही उतरेल. पैसा पाण्यात जाईल.

बॅटरी जुनी झाली असेल, तर हमीचे कार्ड काढा. त्यावरची तारीख स्वतः वाचा. मुदत बाकी असेल, तर दुकानदाराला कार्ड दाखवा. आता आपल्याला वाचता येते. मग दुसऱ्याच्या तोंडाकडे का पाहायचे?

आणि घरात रोगी असेल, तर गाडीशी झुंजत बसू नका. १०८ वर फोन करा. गाडी मागून दुरुस्त होते.

सांगा पाहू

१. थंडीत गाडी का अडते?
२. दिवे लख्ख, पण इंजिन हलत नाही. दोष कोठे असेल?
३. आधी कोणती तार सोडावी? का?
४. आपल्या गाडीच्या बॅटरीवरची तारीख वाचा व वहीत लिहा.