वापरलेल्या पाण्याचा पाठ

(इयत्ता चौथी व पाचवी : परिसर अभ्यास, तासिका तीन)

पाण्याचा पाठ आपल्या वर्गात बहुधा पाऊस, विहीर व नळ येथेच संपतो. वापरून झालेले पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत पाठ त्या प्रश्नाचा आहे.

हेतू : सांडपाणी शुद्ध कसे होते हे विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे व शाळेचे सांडपाणी शाळेच्याच आवारात जिरवावे.

प्रस्तावना : फळ्यावर नदीचा मार्ग काढावा. मुळा व मुठा या नद्या सह्याद्रीच्या डोंगरांतून येऊन पुण्यात संगमावर मिळतात. पुढे मुळा-मुठा खराडीच्या कडेने थेऊरकडे जाते, भीमेस मिळते व ते पाणी उजनीच्या जलाशयात पोहोचते. मग विचारावे, “मुळशीच्या डोंगरावरील मोरीचे पाणी अखेर कोणाच्या दारी जाते?” उत्तर मुलांनीच नकाशावरून शोधावे.

विवेचन : खराडी हे पूर्वी नदीकाठचे शेतीचे गाव होते; आज ते पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेथे महापालिकेचे सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे. अशा केंद्रात प्रथम जाळ्यांनी चिंध्या व प्लास्टिक अडवतात, मग वाळू खाली बसू देतात. त्यानंतर टाकीत हवा सोडतात. हवेवर जगणारे सूक्ष्म जीव पाण्यातील घाण खाऊन वाढतात. त्यांचा गाळ तळाशी बसला की वरचे पाणी निवळते. तरीही मुळा-मुठेवर जलपर्णी पसरलेली दिसते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे खाद्य होय. केंद्रापर्यंत न पोहोचलेले पाणी नदीत मिसळते, तोवर नदी निर्मळ होणे कठीण. म्हणून पाणी जेथे वापरले तेथेच त्याची व्यवस्था लावणे, हा लहान गावांसाठी सोपा व स्वस्त मार्ग आहे. शोषखड्ड्यात मोठ्या केंद्राचीच कामे दगड, माती व सूक्ष्म जीव करतात.

कृती : हात धुण्याच्या जागेजवळ सुमारे एक मीटर लांब, रुंद व खोल खड्डा मोठ्यांच्या मदतीने घ्यावा. तळाशी मोठे दगड, त्यावर मध्यम व सर्वांत वर लहान दगड भरावेत. पाणी आत येते तेथे तळाला भोके पाडलेले मडके बसवून त्यात नारळाच्या शेंड्या घालाव्यात. कचरा तेथेच अडतो. शेंड्या वरचेवर बदलाव्यात. त्या तुंबल्या की खड्डाही निकामी होतो.

खोदण्यापूर्वी जमिनीची परीक्षा घ्यावी. वीतभर खोल खळग्यात पाणी ओतून जिरू द्यावे. पुन्हा भरून ते किती वेळात उतरते हे मुलांनी वहीत नोंदवावे. मुरमाड जमिनीत पाणी लवकर जिरते, काळ्या चिकण जमिनीत रेंगाळते. भोर-मुळशीकडे कातळ लागल्यास खड्ड्याचा आग्रह धरू नये. तेथे पाणी केळी, अळू व कर्दळीच्या वाफ्यात सोडावे. पावसाचा लोंढा आत शिरू नये म्हणून भोवती बांध घालावा.

दक्षता : शौचालयाचे पाणी या खड्ड्यात कदापि सोडू नये. पिण्याच्या विहिरीपासून खड्डा किमान १५ मीटर दूर व उताराच्या खालच्या अंगास असावा. पाणी वर साचू देऊ नये. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात, आणि हत्तीरोग पसरविणारा क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतो.

गणित : शाळेत १०० मुले असून प्रत्येकाने रोज २ लिटर पाणी वापरले, तर २२० दिवसांत किती पाणी होईल? उत्तर ४४,००० लिटर. एवढे पाणी डबक्यात साचेल की भूमीत मुरेल, हे आपल्या हाती आहे.

दृढीकरण : प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या मोरीचे पाणी कोठे जाते त्याचा नकाशा काढून आणावा. ते नकाशे एकत्र जोडले की गावाचा सांडपाण्याचा नकाशा तयार होतो. तो ग्रामसभेत मांडावा. मुलांनी स्वतः काढलेला नकाशा पाहून गावकरी आपल्या दारचे डबके निराळ्या नजरेने पाहतील.