समुद्रावरील हाक

महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपूरचे खोरे ओलांडून महाडास येते आणि येथून पुढे तिचे रूप पालटते. समुद्राच्या भरतीचे पाणी खाडीतून वर चढत तिला येऊन भेटते. नदी संथ होते, रुंद होते आणि अखेर हरिहरेश्वर व बाणकोट यांच्या मधून समुद्रास मिळते. महाडातून समुद्र दिसत नाही, म्हणून येथल्या मुलांस तो परका वाटतो. पण रस्ते बरे नव्हते त्या काळी मुंबईची माणसे आणि माल जवळच्या दासगाव बंदरातच उतरत असे. डिसेंबर 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रह परिषदेसाठी आले, तेही बोटीने दासगावास उतरूनच. तेव्हा सावित्रीच्या मुखाशी जे घडते, ते आपल्या अंगणातच घडते असे म्हटले पाहिजे.

18 ऑगस्ट 2022 रोजी त्या मुखाशी एक विचित्र गोष्ट घडली. हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ सुमारे 16 मीटर लांबीची एक सुबक नौका लाटांवर हेलकावत असलेली लोकांच्या दृष्टीस पडली. तिच्यावर माणूस नव्हता. पोलिसांनी आत जाऊन पाहिले, तो तीन ए. के. 47 बंदुका आणि काडतुसे सापडली! दुसऱ्या दिवशी दहीहंडी होती, गणेशोत्सव जवळ आला होता. सारा जिल्हा सावध झाला, नाक्यानाक्यावर गाड्यांची तपासणी सुरू झाली. लोक घाबरले, यात नवल नाही. याच श्रीवर्धन तालुक्यातील शेखाडी येथे 1993 साली चोरट्या मार्गाने स्फोटके उतरली होती आणि त्यांनी मुंबईत केवढा अनर्थ केला, हे रायगडकर विसरलेले नाहीत.

त्याच दिवशी विधानसभेत या नौकेची हकीकत सांगण्यात आली. नौकेचे नाव लेडी हान. ती मस्कतहून युरोपकडे निघाली होती. 26 जून रोजी सकाळी तिचे यंत्र बिघडले आणि तिच्यावरील माणसांनी मदतीची हाक दिली. ती हाक एका कोरियन युद्धनौकेने ऐकली. दुपारी तिने सर्वांना वर घेतले आणि ओमानच्या स्वाधीन केले. समुद्र खवळलेला असल्यामुळे रिकामी नौका ओढून नेता आली नाही. पुढे 53 दिवसांनी ती वाहत वाहत आपल्या किनाऱ्यास लागली. अरबी समुद्राच्या पश्चिम भागात चाच्यांचे भय असते. म्हणून तिकडून जाणारी कित्येक जहाजे शस्त्रधारी पहारेकरी बरोबर घेतात. घातपाताचा संशय निराधार ठरला.

मुलांनो, आता क्षणभर अशी कल्पना करा की नौका रिकामी नाही. मध्यरात्र आहे. मुंबईच्या तटरक्षक दलाच्या शोध व बचाव केंद्रात बिनतारी यंत्रावर आवाज येतो, "मेडे, मेडे, मेडे! आमचे यंत्र बंद पडले आहे, नौकेत पाणी शिरत आहे." मेडे हा शब्द 'मला मदत करा' अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांवरून आला आहे. तो तीनदा उच्चारला की ऐकणाऱ्याने हातातले काम टाकून कान द्यावयाचा, असा जगभरच्या दर्यावर्दींचा नेम आहे. पण बोलणारा नौकेचे नाव नीट सांगत नाही. माणसे किती, असे विचारले असता एकदा पाच म्हणतो, एकदा नऊ. अशा वेळी काय करावे?

शंका आली तर जाऊच नये, असे कोणी म्हणेल. किनाऱ्यावर बसून हे म्हणणे फार सोपे आहे. भीतीने गांगरलेला माणूसही अडखळतोच, आणि बुडणाऱ्याला आपली माणसे मोजण्याचे भान राहते असे नाही. उलट, हाक आली म्हणून डोळे मिटून जावे, असेही म्हणता येत नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये पोरबंदरची कुबेर नावाची मासेमारी नौका समुद्रात होती. पुढे न्यायालयापुढे आलेल्या जबानीनुसार, दुसऱ्या एका नौकेवरील माणसांनी यंत्राचा तुटलेला पट्टा दाखवून तिला मदतीसाठी जवळ बोलावले. दर्यावरचा धर्म पाळून कुबेर जवळ गेली. ते दहशतवादी होते. कुबेरवरील तांडेल आणि त्याचे चार सोबती प्राणांस मुकले, आणि त्याच नौकेतून मुंबईजवळ आलेल्या दहा जणांनी 26 नोव्हेंबरच्या रात्री शहरात हाहाकार उडविला.

1982 च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराने, समुद्रात संकटात सापडलेल्यांस मदत करणे हे प्रत्येक जहाजाच्या कप्तानाचे कर्तव्य ठरविले आहे. मात्र त्यात एक अट आहे: आपले जहाज, खलाशी आणि प्रवासी यांना गंभीर धोका होणार नसेल तर. व्यापारी जहाजाचा कप्तान या अटीकडे बोट दाखवून थांबू शकतो. तटरक्षक दलास ती पळवाट नाही. 1978 च्या कायद्याने या दलाची रीतसर स्थापना झाली, तेव्हाच किनाऱ्याचे रक्षण आणि संकटातील माणसांचा बचाव ही दोन्ही कामे त्याच्याकडे आली. जेथे इतरांस जाता येत नाही, तेथे जाता यावे म्हणून त्याच्या नौकांवर तोफ आणि बंदुका असतात.

अशा संशयास्पद हाकेस दल कसे उत्तर देते? पहिले काम बोलण्याचे. केंद्रातील अधिकारी शांत स्वरात पुन्हा पुन्हा विचारतात: नौकेचे नाव काय, नोंदणी क्रमांक कोणता, कोणत्या बंदरातून निघालात, जागा कोणती? नोंदणीपुस्तके आणि उपग्रहांवरून मिळणारी माहिती यांच्याशी ही उत्तरे ताडून पाहतात. खोटे बोलणाऱ्याला चार प्रश्नांनंतर स्वतःचेच पहिले उत्तर आठवत नाही! हे चालू असतानाच गस्तीनौका निघालेली असते, कारण हाक खरी असेल तर गेलेली घटका परत येणार नसते. शक्य तेव्हा दमणच्या तळावरून विमान उडते आणि वरून पाहते. यंत्र बंद आहे म्हणणाऱ्या नौकेच्या धुराड्यातून धूर येत आहे काय? मासेमारीची म्हणविणाऱ्या नौकेवर जाळी आहेत काय? पाणी शिरले म्हणतात, पण ती पाण्यात खाली बसलेली का दिसत नाही?

गस्तीनौका एकदम जवळ जात नाही. ती अंतर राखून संकटग्रस्त नौकेस वळसा घालते. तोफेशी आणि बंदुकांशी जवान सज्ज असतात. ध्वनिवर्धकावरून सूचना होते, "सर्वांनी उघड्यावर या. हात दिसू द्या." ज्याला खरोखर जीव वाचवावयाचा आहे, तो ही सूचना आनंदाने पाळतो. मग एक लहान होडी सोडतात. तिच्यातील जवानांच्या अंगावर गोळीपासून रक्षण करणारे चिलखत असते, हाती शस्त्र असते, आणि बरोबर दोर, तरंगती कडी व औषधांची पेटीही असते. ते नौकेवर चढून कोपरा न् कोपरा पाहतात. सारे निर्वेध दिसले की शस्त्रे खांद्यावर जातात आणि जखमींची शुश्रूषा सुरू होते. न ऐकल्यास आधी इशारा, मग नौकेच्या पुढच्या पाण्यात गोळीबार, आणि सर्व उपाय थकल्यावरच नौकेवर. असा हा क्रम सर्वसाधारणपणे असतो. मला यातली सर्वांत अवघड गोष्ट गोळी झाडणे ही वाटत नाही. बोट चापावर असताना, समोरचा माणूस कदाचित बुडणारा बिचारा कोळी असेल हे ध्यानात ठेवणे, हे खरे अवघड.

ही गोष्ट नुसती कागदावर राहिलेली नाही. ऑक्टोबर 1999 मध्ये अलोंड्रा रेनबो हे जपानी मालकीचे जहाज इंडोनेशियातून सुमारे 7000 टन अॅल्युमिनियम घेऊन निघाले. चाच्यांनी ते पळविले, त्याचे नाव खोडून मेगा रामा असे नवे नाव रंगविले. नोव्हेंबरात आपल्या तटरक्षक दलाच्या विमानाने ते अरबी समुद्रात हेरले. दलाची नौका ताराबाई त्याच्या मागे लागली. (मोगलांशी झुंजणाऱ्या महाराणीचे नाव चाच्यांच्या पाठलागास किती शोभून दिसते!) प्रश्नांना उत्तर मिळेना, इशाऱ्याच्या गोळ्यांनाही जहाज थांबेना. तेव्हा आरमाराची प्रहार ही युद्धनौका मदतीस आली, आणि दोघींनी मिळून 16 नोव्हेंबरला ते थांबविले. चाच्यांनी पुरावा बुडविण्यासाठी जहाजास आग लावली आणि आत पाणी सोडले होते. चढलेल्या जवानांनी पंधरा जणांना पकडले, आग विझविली, पाणी रोखले आणि जहाज मुंबईस आणले.

त्या जहाजाचे खरे खलाशी सतराजण होते. चाच्यांनी त्यांना एका तराफ्यावर बसवून समुद्रात सोडून दिले होते. सुमारे दहा दिवस ते वाहत राहिले. दूरवर जहाजे दिसत, हे लोक खुणा करीत, आणि जहाजे पुढे निघून जात. अखेर थायलंडच्या कोळ्यांची एक नौका थांबली आणि त्यांनी त्या सतराही जणांना वर घेतले.