जालन्याच्या पेठेतील विटांचे दुकान

बाजाराला आपण जालन्याला जातो. बियाणे घेतो, कापड घेतो आणि गाडी धरून गावी परततो. पण पेठेत उभे राहून कधी मान वर केली आहे काय? खाली नवी पाटी आणि लोखंडी दार दिसते. वर मात्र जुनी विटांची माडी असते. तिला कमानीच्या खिडक्या असतात. ही माडी कोणी बांधली आणि का बांधली, ते आज पाहू.

कुंडलिका नदीच्या एका अंगाला जुना जालना आहे, दुसऱ्या अंगाला नवा जालना. येथला व्यापार फार जुना. 'जालना, सोने का पालना' असे लोक म्हणत आले. 1900 च्या सुमारास हैदराबाद ते मनमाड आगगाडी सुरू झाली. जालना तिच्या वाटेवर होते. तेव्हा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. आधी कापूस बैलगाडीने जाई. आता मनमाडला गाडी बदलली की माल थेट मुंबईला! मग जालन्यात सरकी काढण्याचे आणि गठाणी बांधण्याचे कारखाने निघाले. अडत वाढली, पेठेत पैसा आला, आणि पैशाबरोबर पक्की वीट आली.

आपल्या गावात पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर धाबे. मग व्यापाऱ्याने वीट का घेतली? कापसाला आगीचे भय फार. भाजलेली वीट पेटत नाही. तिला उंदीर सहज पोखरत नाही, चोराला भिंत फोडणे जड जाते. पुढे ओटा आणि गादी, मागे कोठार, वर माडी, अशी ही मांडणी. रेल्वेने लोखंडी तुळया आणणे सोपे झाले. दोन तुळयांमध्ये विटांची चपटी कमान घालून छत करीत. भिंत चुन्याची. चुनखडी भाजायची, विझवायची, वाळू घालून बैलाच्या घाणीत मळायची.

त्या ओट्यावर दोन तऱ्हेचे रुपये चालत. निजामाचा तो हाली, इंग्रजांचा तो कलदार. हालीचे 7 म्हणजे कलदाराचे 6, असा साधारण हिशेब. हालीवर चारमिनार, कलदारावर इंग्लंडचा राजा. त्यामुळे नाणे कोणीही ओळखी. फसगत होई ती हिशेबात. कापसाचे 60 कलदार ठरले आणि हातावर 60 हाली पडले, तर सुमारे 10 हाली बुडाले. असे किती जण नाडले गेले असतील! त्याची वही कोणी ठेवली नाही. 1948 साली निजामाचे राज्य गेले. पुढे काही वर्षांत हालीही गेले.

आता या भिंती थकल्या आहेत. चुन्याची भिंत ओल घेते आणि ओल सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, विटेचा भुगा होतो. म्हणून दुरुस्तीलाही चुनाच बरा. भेगेत पिंपळ उगवला तर लहान असतानाच मुळासकट काढावा. तो मोठा झाला की भिंत फोडतो. भिंतीला पोट सुटले, किंवा तिरकी भेग रुंदावत चालली, तर तिच्याखाली बसू नये. इंजिनिअरला दाखवावे.

पण दुरुस्ती करायची कोणी? मालक म्हणतो, जुने भाडे इतके थोडे, त्यात गवंडीही येत नाही. त्याचेही अगदी खोटे नसते. भाडेकरू म्हणतो, घर तुमचे. दोघे भांडतात आणि पावसाळा येतो. आपल्यापैकी कोणाचा मुलगा अशा गाळ्यात दुकान लावून बसला असेल. त्याने हे वाचावे. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे इमारत नीट राखणे हे मालकाचे काम आहे. त्याने ते केले नाही, तर भाडेकरूने निदान 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी. मग स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करून घेता येतो. मात्र एका वर्षात वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून जास्त कापता येत नाही. नोटिशीची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. गवंड्याची व मालाची पावती तिला जोडावी. भाड्याची पावतीही दर खेपेला मागून घ्यावी.