मालगाडी गेली की मामी उठते

मामा : मुदखेड पडलं जंक्शन. रात्री मालगाडी गेली की मांडणीवरचे डबे खणखणतात अन् तुझी मामी झोपेतून उठून थेट अंगणात. भूकंपाला तीस वर्षं उलटून गेली की!

भाची : तेव्हा मामी केवढी होती?

मामा : आठ वर्षांची. किल्लारीच्या बाजूचंच गाव. गणपती बुडवून लोक झोपले अन् ३० सप्टेंबर १९९३ला, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, दगडमातीची घरं अंगावर आली. जवळपास दहा हजार माणसं गेली. पण आता गाडीच आहे हे तिला कळतं ना?

भाची : तिला कळतं, तिच्या अमिग्डलाला कळत नाही. मेंदूतला हा बदामाएवढा भाग धोका हेरतो आणि विचार करायच्या आधीच पाय दाराकडे वळवतो. त्याला आवरणारा कपाळामागचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो. आठव्या वर्षी तो कच्चाच.

मामा : मग बिघडलं ते बिघडलंच?

भाची : नाही मामा. जमीन हादरली की बाहेर पळायचं, हे अमिग्डला त्या रात्री बरोबरच शिकला. ती भीती पुसली जात नाही, पण तिच्याशेजारी नवी आठवण रुजते : हादरलं, तरी काही झालं नाही. थेरपीत तेच करतात. भरवशाच्या माणसासोबत जुन्या आठवणीला थोडंथोडं सामोरं जायचं. चाळिशीतही हे जमतं. पुढं कधी ताणात भीती उसळली, तर उपचार वाया गेले असं समजू नका.

मामा : काळ गेला की आपोआप कमी होतं म्हणतात.

भाची : नुसत्या काळावर सोडू नये, मदत लवकर मिळाली तर फरक पडतो. रुमानियात २०००च्या सुमारास अनाथालयांतल्या १३६ मुलांचा अभ्यास सुरू झाला. निम्म्यांना कुटुंबांत ठेवलं. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांच्या मेंदूच्या लहरी आठव्या वर्षी, घरीच वाढलेल्या मुलांसारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांचं तेवढं भरून आलं नाही. म्हणून किल्लारीनंतर समाजसेवक शांतीलाल मुथ्थांनी भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं पुण्याला नेऊन शिकवली, ते काम मला फार मोठं वाटतं.

मामा : मामीचं काय करू?

भाची : ‘गाडीच आहे, झोप’ म्हणू नका. सोबत अंगणात जा, तिला सावकाश श्वास सोडायला सांगा. रोजच झोपमोड होत असेल तर नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात दाखवू. आधी मानसिक आरोग्याच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६वर फोन करता येईल, पैसे लागत नाहीत.

मामा : उद्याच नेतो.

भाची : आधी तिला विचारा. कुणाला, किती सांगायचं ते तिनं ठरवू द्या.