बोर्ड सगळ्यात शेवटी घ्या

अंबाजोगाईच्या आमच्या वाड्यात देवघर, ओसरी आणि माडी, सगळीकडं एकच भजन एकदम वाजावं, अशी अण्णांची फार इच्छा. भाच्यानं त्यासाठी सगळ्यात स्वस्त दिसला तो छोट्या कॉम्प्युटरचा बोर्ड मागवला. कागदावर प्रोसेसर तगडा, रॅम दुप्पट. पण त्याचं लिनक्स जुनंच राहिलं, वायफाय मधूनच सुटायचं आणि अडलं तर विचारायला कुणी नाही. मुळात गाणी वाजवायला एवढी ताकद लागतेच कुठं? 2021 साली आलेल्या रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यूची 512 एमबी रॅम एका खोलीला पुरून उरते. ताकद नव्हे, सॉफ्टवेअर पुढंही मिळत राहील का, ते बघावं.

या झिरोला हेडफोनचं भोकच नसतं. पाय 5 लाही नाही. पीसीएम5102 चिपचा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा आवाज करणारा तुकडा, जोडावा लागतो, त्यासाठी झिरोला पिना मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून सोल्डर करून घ्याव्या लागतात. डॅक, अडॅप्टर, मेमरी कार्ड, ॲम्प्लिफायर धरला की बोर्डाची किंमत त्यात कुठल्या कुठं हरवते.

खरा घोळ लाइटचा. वीज केंद्र परळीला, म्हणजे अगदी शेजारी; तरी लाइट जायची ती जातेच. कार्डावर काही लिहिलं जात असताना गेली, तर कार्ड बिघडू शकतं. म्हणून पायकोअरप्लेअर ही गाण्यांसाठीची सिस्टीम बरी, ते सगळं रॅममध्ये उचलून चालतं. मोबाइलचा कुठलाही चार्जर लावू नये. दाब साधारण 4.63 व्होल्टच्या खाली गेला की बोर्ड तक्रार करतो, पण स्क्रीनच नसल्यावर ती दिसणार कुणाला?

हातभर जाडीच्या दगडी भिंतीपुढं वायफायचं काही चालत नाही. तिथं लॅनची वायर ओढावी आणि लॅन पोर्ट असलेला जुना पाय 3 घ्यावा.

ब्लूटूथचे स्पीकर मांडले, तर ओसरीतला टाळ आधी आणि माडीवरचा मागून ऐकू येतो. स्नॅपकास्ट नावाचं सॉफ्टवेअर हा फरक सहसा 0.2 मिलीसेकंदाच्या आत ठेवतं. त्याचा सर्व्हर जुन्या लॅपटॉपवर चालतो आणि अँड्रॉइड फोनसाठी ॲपही आहे. म्हणून आधी घरातले पडीक फोन खोल्याखोल्यांत ठेवून बघा. आमच्या माडीवर असा एक फोनच कायम झालाय. फोनला बॅटरी असली तरी राउटर मात्र इन्व्हर्टरवर घ्या. नाहीतर लाइट गेली की भजन तिथंच थांबतं.