एका शाळेचे दोन धुरीण

खेड्यातील प्राथमिक शाळा पुष्कळदा दोन शिक्षकांची असते. एकशिक्षकी शाळेस निदान दुसरा शिक्षक मिळावा, हे १९८७ साली सुरू झालेल्या ‘खडू-फळा’ मोहिमेचे एक उद्दिष्ट होते. पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० पर्यंतच्या पटास दोन शिक्षक ठरविले. मुख्याध्यापकाची स्वतंत्र तरतूद मात्र पट १५० च्या वर गेल्यावरच आहे. त्यामुळे लहान शाळेत दोघांपैकी एकाकडे मुख्याध्यापकाचा प्रभार येतो व त्यालाही वर्ग शिकवावेच लागतात. कागदोपत्री प्रमुख एक असला, तरी शाळेची धुरा प्रत्यक्षात दोघांच्या खांद्यावर असते. एक केंद्राच्या बैठकीस गेला, की त्या दिवशी दुसराच शाळेचा प्रमुख असतो.

म्हणून या दोघांचे सहकार्य हा केवळ स्वभावाचा किंवा सौजन्याचा प्रश्न नव्हे; तो मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. दहा शिक्षकांच्या शाळेत दोघांचे पटले नाही, तर उरलेले आठ शाळा सावरून धरतात. दोन शिक्षकांच्या शाळेत दोघांचे पटले नाही, तर सावरणारा तिसरा कोणी नसतो. गावात ‘गुरुजींचे’ आणि ‘बाईंचे’ असे दोन पक्ष पडतात आणि त्याची झळ अखेर मुलांना लागते.

दोघे सज्जन असले, दोघांना कामाची तळमळ असली, म्हणजे सहकार्य आपोआप साधते, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील एक प्रसिद्ध उदाहरण या समजाचा फेरविचार करावयास लावते. विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी १८८० साली पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल काढले. पुढे गोपाळ गणेश आगरकर त्यांस येऊन मिळाले. टिळक व आगरकर हे महाविद्यालयापासूनचे स्नेही. १८८१ साली वृत्तपत्रे निघाली, तेव्हा ‘केसरी’ आगरकरांनी व ‘मराठा’ टिळकांनी सांभाळला. १८८२ साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात बरोबरच शिक्षा भोगली. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालय स्थापन झाले. बुद्धी, त्याग, मैत्री यांपैकी कशाचीही येथे वाण नव्हती.

तरीही ही जोडी फुटली. समाजसुधारणेविषयी दोघांची मते भिन्न होती आणि पत्र मात्र सर्वांचे मिळून एक होते. १८८७ साली आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले व १८८८ साली त्यांनी ‘सुधारक’ काढला. आजीव सभासदांनी संस्थेबाहेरची कामे करावीत किंवा नाही, जादा प्राप्ती कोणाची समजावी, यांवरही संस्थेत तीव्र वाद झाले आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. संस्था मात्र चालू राहिली. १८९२ साली आगरकर महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. संस्था कोणा एकाची न राहता नियमांनी बांधलेल्या मंडळाच्या हाती आली होती, हे तिच्या टिकण्याचे एक महत्त्वाचे कारण होय.

यातून शिक्षकांनी घ्यावयाचा बोध असा : स्नेहाने कामास आरंभ होतो, पण मतभेद निभावून नेण्याची रीत स्नेह आपोआप देत नाही. ती रीत मतभेद होण्यापूर्वीच ठरवावी लागते. द्विशिक्षकी शाळेत ती पुढीलप्रमाणे ठरविता येईल.

पहिली गोष्ट कामाच्या वाटणीची. वर्षारंभी दोघांनी एकत्र बसून कामे वाटून घ्यावीत व ती लिहून ठेवावीत. पहिली-दुसरीचे वर्ग कोणाकडे, तिसरी-चौथीचे कोणाकडे, हे बहुधा ठरलेले असते. परंतु पोषण आहाराच्या धान्याची नोंद, ग्रंथपेटी, दाखले, गैरहजर मुलांच्या घरी जाणे ही कामे मोघम राहतात. ‘कोणीतरी करील’ असे म्हटलेले काम कोणीच करीत नाही आणि मग दोष कोणाचा यावर वाद होतो. प्रभारी शिक्षकाचा पुष्कळ वेळ कार्यालयीन कामात जातो, हे ध्यानात घेऊन वाटणी व्हावी. वाटणी समान असण्यापेक्षा ती दोघांस न्याय्य वाटणे अधिक महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट नियमित बोलण्याची. आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर अर्धा तास दोघांनी केवळ शाळेविषयी बोलावे. कोणते मूल वाचनात मागे आहे, कोणते वारंवार गैरहजर राहते, पुढील आठवड्यात कोण बाहेर जाणार, एवढे विषय पुरेत. वरून आलेले परिपत्रक प्रभारी शिक्षकाने आपल्याजवळच न ठेवता सहशिक्षकास वाचावयास द्यावे. माहिती दडवून ठेवण्यातून जितका संशय वाढतो, तितका उघड भांडणातूनही वाढत नाही. एक रजेवर गेल्यास त्याचे वर्ग कोठवर आले आहेत, हे दुसऱ्यास टाचणवहीवरून कळले पाहिजे.

तिसरी गोष्ट गावापुढे एकवाक्यतेची. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेपूर्वी दोघांनी विषयांची चर्चा आपसांत करावी. सभेत एकाने दुसऱ्यास खोडून काढू नये. एखादा पालक एका शिक्षकाजवळ दुसऱ्याविषयी तक्रार घेऊन आला, तर ती शांतपणे ऐकून ‘त्यांच्याशीच बोलावे’ असे सुचवावे. मुलांसमोर तर सहकाऱ्याचा उणा उल्लेख कदापि होऊ नये. मात्र एकवाक्यता म्हणजे दोषांवर पांघरूण नव्हे. मुलांची सुरक्षितता किंवा पैशाचा व्यवहार यांत चूक दिसल्यास ती योग्य ठिकाणी सांगणे हे कर्तव्यच आहे.

चौथी गोष्ट मतभेदाच्या रीतीची. शिकविण्याच्या पद्धतीविषयी मतभेद झाल्यास महिनाभर एका पद्धतीने शिकवून पाहावे व मुलांची प्रगती पाहून निर्णय घ्यावा. कार्यालयीन बाबतीत अंतिम जबाबदारी प्रभारी शिक्षकाची असते, म्हणून त्याचा निर्णय मानावा. पण निर्णयापूर्वी सहशिक्षकाचे म्हणणे ऐकलेच जावे. तरीही प्रश्न न सुटल्यास दोघांनी मिळून केंद्रप्रमुखांकडे जावे. एकट्याने जाऊन कागाळी करणे आणि दोघांनी जाऊन सल्ला मागणे, यांत फार अंतर आहे.

शेवटची गोष्ट श्रेयाची. शाळेस शाबासकी मिळाली, तर प्रभारी शिक्षकाने सहकाऱ्याचे नाव आधी घ्यावे. उणीव निघाली, तर ती प्रथम आपल्याकडे घ्यावी. बदलीने आज ना उद्या दोघांपैकी एक जाणारच. येणाऱ्या नव्या शिक्षकास नोंदी, वाटणी व सामोपचाराची रीत तयार मिळाली, तर गेलेल्याचे काम शाळेत टिकून राहील.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या शाळेतील कोणती कामे अद्याप कोणाच्याच नावावर नाहीत? दोघांनी स्वतंत्र याद्या करून त्या ताडून पाहाव्यात.

२. गेल्या महिन्यात आलेली परिपत्रके दोघांनीही वाचली आहेत काय?

३. सहकारी उद्या रजेवर गेल्यास त्याचे वर्ग कोठून पुढे चालवावयाचे, हे दुसऱ्यास आज सांगता येईल काय?